एक सदनिका, चार नावे : पनवेलमधील सहनिवासाचे कायदे आणि रिवाज

नव्या पनवेलमधील एखाद्या इमारतीत शिरले की जिन्याजवळच्या भिंतीवर सदस्यांच्या नावांची पाटी दिसते. त्या पाटीवरील नाव आणि प्रत्यक्ष सदनिकेत राहणारी माणसे यांचा मेळ बसतोच असे नाही. पाटीवर एखाद्या गृहस्थाचे नाव असते. ते स्वतः ठाण्याला किंवा गावी राहतात. आत मात्र कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा एक, तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारे दोन आणि रोज लोकलने मुंबई गाठणारा एक, असे चौघे नांदत असतात. या चौघांना इमारतीत सारे ओळखतात, पण नावाने नव्हे. ते 'तिसऱ्या मजल्यावरची मुले' असतात.

ही 'मुले' वा 'मुली' कायद्याच्या दृष्टीने नेमकी कोण, याचा विचार बहुधा भांडण झाल्यावरच होतो. वास्तविक अशा सदनिकेत तीन वेगवेगळी नाती एकाच छताखाली असतात : राहणाऱ्यांचे मालकाशी, मालकाचे गृहनिर्माण संस्थेशी आणि राहणाऱ्यांचे आपसात. पहिल्या दोन नात्यांसाठी कायदे आहेत, उपविधी आहेत, छापील नमुने आहेत. तिसऱ्यासाठी वेगळा कायदा नाही, आणि बहुतेक घरांत साधा कागदही नाही. पैशांचे सर्वाधिक कडवट वाद नेमके तिथेच होतात.

पनवेलला ही वस्ती कशी आली, हे थोडक्यात पाहता येईल. पनवेल हे जुने बाजाराचे गाव. खाडीवरचे बंदर, मुंबई-पुणे रस्त्यावरचा मुक्काम आणि १८५२ पासूनची नगरपालिका, अशी त्याची ओळख होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि जुन्या गावाच्या शेजारी आखीव सेक्टरांचे नवे पनवेल उभे राहू लागले. खारघर, कामोठे, कळंबोली हे नोड त्याच आखणीतले. १९९८ साली हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली. २०१६ च्या १ ऑक्टोबरला जुने शहर, सिडकोच्या वसाहती आणि आसपासची गावे मिळून पनवेल महानगरपालिका झाली. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली, तेव्हा आणखी एका प्रकारचा नोकरदार खोली शोधत येथे येऊ लागला. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था असल्याने उपचारासाठी परगावाहून आलेली कुटुंबेही याच परिसरात काही महिन्यांसाठी जागा घेतात. त्यांची गरज विद्यार्थ्यांहून वेगळी, पण कागद तोच.

एका छताखाली अनेकांनी खर्च वाटून राहणे महाराष्ट्राला नवे नाही. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार गावकरी मंडळाच्या खोल्यांत राहत. पाळी वेगवेगळी असल्याने एकाच वळकटीच्या जागेवर दिवसा एक व रात्री दुसरा झोपत असे आणि जेवणाची सोय खानावळीत होई. धोबीतलाव, माझगाव भागांत गोवेकरांचे 'कूड' होते. काही आजही आहेत. प्रत्येक कूड एका गावाचा. बोटीवर काम करणारा गोवेकर मुंबईत उतरला की आपल्या गावच्या कुडात पेटी ठेवी, नाममात्र वर्गणी भरी आणि सायंकाळच्या प्रार्थनेला हजर राही. या जागांची शिस्त कागदावर कमी आणि गावाच्या धाकात अधिक होती. हिशेब बुडविणाऱ्याचे नाव गावात पोहोचत असे.

पनवेलच्या सदनिकेतील चौघांना असा धाक नाही. ते दलालामार्फत किंवा महाविद्यालयाच्या फलकावरील चिठ्ठीवरून एकत्र आलेले असतात. एक लातूरचा, एक चिपळूणचा, एक बिहारमधला. एकाने भाडे थकवून रातोरात सामान हलविले तर त्याच्या गावी सांगायला कोणी जात नाही. धाकाची ती जागा कागदाने भरून काढावी लागते.

अकरा महिन्यांचा करार

भाड्याने जागा देण्याचा महाराष्ट्रातील रूढ मार्ग म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार. त्याने राहणारा माणूस भाडेकरू होत नाही, परवानाधारक होतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये परवान्याची व्याख्या आहे. तिचा मथितार्थ असा की, परवानाधारकाला दुसऱ्याच्या मालमत्तेचा वापर करण्याची मुभा मिळते, मालमत्तेत हितसंबंध मिळत नाही.

हा भेद शब्दच्छल वाटेल, पण त्यामागे अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले आणि भाडी गोठविली. मालकांनी मग 'भाडे' हा शब्दच टाळून परवाने देण्यास सुरुवात केली. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ज्यांचे परवाने चालू होते, ते परवानाधारक भाडेकरू मानले गेले. या एका तारखेने मालकवर्गाच्या मनात जी भीती बसली ती पुढे अनेक वर्षे गेली नाही. घरे कुलूपबंद राहिली, पण परक्याच्या हाती किल्ली गेली नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार निवासी परवान्याची मुदत संपताच मालकाला जागेचा ताबा सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत परत मिळविता येतो आणि मुदतीनंतरही न हलणाऱ्याला परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. पनवेलमध्ये आज विद्यार्थ्यांना सदनिका मिळतात त्याचे बरेचसे श्रेय या कलमाला द्यावे लागेल. मालकाची भीती गेली म्हणून दार उघडले.

करार अकरा महिन्यांचाच का, याचे उत्तर अनेक दलालांनाही ठाऊक नसते. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पळवाट देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र २००० नंतर तिला अर्थ उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ म्हणते की करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणी नसेल तर ज्या अटींवर जागा घेतली असे राहणारा सांगतो त्या अटी, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात. कारण संपले, अकरा महिने मात्र राहिले. खरे तर साठ महिन्यांपर्यंतचा असा करार करता येतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेल्या विद्यार्थ्याने दर अकरा महिन्यांनी दलालाची दलाली भरत बसण्याची गरज नाही.

खर्चाची धास्तीही अनाठायी आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मुदतीतील एकूण शुल्कावर आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेल्या व्याजावर मोजतात. समजा, मासिक शुल्क १८,००० रुपये, मुदत अकरा महिने आणि अनामत ५०,००० रुपये आहे. एकूण शुल्क १,९८,००० रुपये, अनामतीवरील मानीव व्याज सुमारे ४,५८३ रुपये. या बेरजेवरचे शुल्क जेमतेम पाचशे रुपयांच्या आसपास जाते. त्यावर महानगरपालिका क्षेत्रात एक हजार रुपये नोंदणी फी. चौघांत वाटल्यास प्रत्येकी चारशे रुपयांहून कमी. नोंदणी आता आधार क्रमांक व बोटांच्या ठशांच्या आधारे घरबसल्याही होते.

आता मूळ प्रश्न : करारात नावे कोणाची? प्रत्यक्षात बहुधा एकाचेच नाव लिहिले जाते, कारण सही-ठशांच्या दिवशी तेवढाच हजर असतो. उरलेले तिघे 'नंतर बघू' म्हणून राहतात. हे 'नंतर' येत नाही. कलम २४ च्या स्पष्टीकरणानुसार लेखी परवाना करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. ज्याचे नाव कागदावर नाही तो मालकाकडे अनामतीचा आपला हिस्सा मागू शकत नाही आणि बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून तो कागद दाखवू शकत नाही. शिवाय इतरांना राहू न देण्याची अट करारात असल्यास त्याचे राहणे हाच अटीचा भंग ठरतो. पहिल्या नावाची स्थितीही सुखाची नसते. चौघांचे भाडे, चौघांची मोडतोड, सारे त्याच्या एकट्याच्या अंगावर येते.

चौघांचीही नावे घातली तर काय होते? भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ४३ येथे लागू पडते. अनेकांनी मिळून दिलेले वचन पूर्ण करण्यास त्यांपैकी कोणालाही भाग पाडता येते, करारात वेगळे ठरले नसेल तर. म्हणजे एकाने पळ काढल्यास मालक उरलेल्या तिघांकडे, किंवा तिघांतल्या एकाकडे, पूर्ण रक्कम मागू शकतो. मात्र त्याच कलमाने भरणाऱ्याला इतरांकडून समान हिस्सा वसूल करण्याचा हक्कही दिला आहे. एकट्याच्या नावावर असलेल्या करारात हा हक्क सिद्ध करणे फार कठीण जाते. चौघांच्या कराराचा खरा लाभ हाच.

सेक्रेटरी आणि शेजारी

बोलीभाषेत ज्याला 'अपार्टमेंट' म्हणतात ती इमारत कायद्याने बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्था असते. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७० चा असून त्याखालील इमारतींची व्यवस्था निराळी. सिडको वसाहतींत दोन्ही प्रकार आढळतात, म्हणून आपण कोणत्या प्रकारात राहतो हे आधी विचारून घेणे बरे. सहकारी गृहनिर्माणाची महाराष्ट्रातील परंपरा १९१५ साली मुंबईच्या गावदेवीत स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेपर्यंत मागे जाते. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. सभासद स्वतःच राहणार, ही त्यामागची कल्पना होती. सभासद अन्यत्र राहील आणि घरात परके चौघे राहतील, हा प्रसंग नंतर आला आणि उपविधींना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले.

संस्थेचे कायदेशीर नाते सदस्याशी, म्हणजे पाटीवरच्या नावाशी असते. परवानाधारकाला नाममात्र सभासद करून घेता येते, पण त्याला मत नाही आणि समितीवर जागा नाही. म्हणूनच सेक्रेटरीने 'मुलांना' दिलेल्या तोंडी तंबीला फारसा कायदेशीर अर्थ नसतो. तक्रार लेखी व्हायची तर ती सदस्याच्या नावे व्हायला हवी. याची दुसरी बाजू अशी की राहणाऱ्यांनाही आपले गाऱ्हाणे संस्थेकडे मालकामार्फतच न्यावे लागते. वरच्या मजल्यावरून पाणी झिरपते आहे, पण मालक फोन उचलत नाही, अशा वेळी चौघांची खरी पंचाईत होते. सामायिक वाहिनीतील गळती संस्थेने दुरुस्त करायची आणि सदनिकेच्या आतल्या नळजोडणीची त्या सदनिकेच्या सदस्याने, हा सर्वसाधारण दंडक ठाऊक असला तर निदान फोन कोणाला करायचा ते कळते.

सदनिका परवान्याने दिली म्हणून संस्था सदस्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्यावर मर्यादा आहे : सेवा शुल्काच्या दहा टक्के, महानगरपालिकेचे कर वगळून. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली 'माँट ब्लाँक' संस्थेच्या प्रकरणात हा आदेश ग्राह्य धरला. वॉचमन, सफाई, सामायिक वीज, कार्यालय यांचे सेवा शुल्क दरमहा १,५०० रुपये असेल तर बिनभोगवटा शुल्क १५० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. 'बॅचलर आहेत म्हणून हजार रुपये जादा' असे कोणी सांगत असेल तर त्याला या आदेशाची आठवण करून द्यावी. हे शुल्क द्यायचे सदस्याने; करारात ते राहणाऱ्यांवर ढकलले आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

'बॅचलरना जागा नाही' असा ठराव काही संस्था करतात. सहकार कायद्यात अविवाहितांना मनाई करणारी तरतूद नाही. तरीही असा ठराव परिणाम करतो, कारण मालकाला समितीशी वैर नको असते आणि कायद्याची बाजू तपासण्याआधीच चौघांना दुसरी जागा शोधावी लागते. येथे शेजाऱ्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. रात्री दोनला पाळीवरून येणाऱ्याची मोटारसायकल, दारात साचलेली बुटांची रास, दर सहा महिन्यांनी बदलणारे चेहरे यांमुळे म्हाताऱ्या जोडप्याला जिन्यात कोण भेटेल याचा भरवसा राहत नाही, आणि त्यांची ही अस्वस्थता खोटी नाही. पोलिसांना राहणाऱ्यांची माहिती देण्याचा नियम यासाठीच आहे. पनवेल नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येते. पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात त्या आदेशानुसार ही माहिती देणे मालकाचे काम असते. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. चारही नावे तेथे असली की पहिल्या दिवसापासून बोलण्याचा सूर बदलतो, असा अनेक संस्थांचा अनुभव आहे.

आवाजाबाबत मतभेदाला जागा नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा हा रात्रीचा काळ असून निवासी भागात त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल आहे; दिवसा ५५. हा नियम कुटुंबांच्या बारशालाही लागू आहे, एवढेच चौघांच्या वतीने म्हणता येईल.

पाण्याचे मात्र तसे नाही. जुन्या पनवेलला देहरंग धरणाचे पाणी मिळते, सिडको वसाहतींना इतर योजनांचे. आणि उन्हाळ्यात टँकर हा दोन्हीकडे परिचयाचा शब्द आहे. आदर्श उपविधींनुसार पाणीपट्टीची वाटणी सदनिकेतील नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर होते, माणसांच्या संख्येवर नव्हे. त्यामुळे दोन वृद्धांचे घर आणि शेजारचे पाच जणांचे घर सारखेच पैसे भरते. मे महिन्यात टाकी कोरडी पडली की राग त्या पाचांवर निघतो. त्यात त्यांचा दोष किती आणि वाटणीच्या पद्धतीचा किती, हे पाहायला कोणी थांबत नाही. हिशेब बदलायचा तर तो सर्वसाधारण सभेत उपविधींच्या मार्गाने बदलावा लागेल. पाणी किंवा वीज तोडून वाद मिटविण्याचा अधिकार समितीच्या हाती नाही.

फ्रिजवरची वही

आपसातल्या व्यवहाराला कायदा फारसा शिवत नाही. चौघांनी एक साधा कागद केला तर पुरतो. सह्या मात्र हव्यात. अनामतीत कोणी किती घातले आणि दरमहा कोणाचा हिस्सा किती, हे त्यात असावे. हिस्से समान असतीलच असे नाही; गॅलरीची खोली एकट्याने वापरणारा आणि हॉलमध्ये कॉट टाकून झोपणारा यांनी सारखे पैसे का भरावेत? निघून जाणाऱ्याने किती दिवस आधी सांगायचे, हा सर्वांत कळीचा मुद्दा. रूढ पद्धत अशी की जाणारा स्वतः बदली माणूस आणून देतो आणि आपला अनामतीचा हिस्सा त्या नव्या माणसाकडून घेतो. व्यवहार सोयीचा आहे, परंतु मालकाच्या नोंदीत जुनेच नाव राहते. मुदत संपल्यावर अनामत परत करताना मालक कागदावरचे नाव पाहतो. तोपर्यंत जुना पुण्यात आणि नवा हात चोळीत. बदल झाला की मालकाला लेखी कळवून नवा करार किंवा पूरक करार करून घ्यावा, यात दोन दिवस मोडले तरी चालतील.

विजेचे बिल हा दुसरा सापळा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. शंभर, तीनशे, पाचशे युनिट असे टप्पे आहेत. चौघांचा वापर एकाच मीटरवर येत असल्याने सदनिका सहज वरच्या टप्प्यात जाते आणि वरच्या टप्प्याचे युनिट महाग असते. एकाच्या खोलीत वातानुकूलन यंत्र असेल तर बिलाचे चार समान भाग करणे न्याय्य नाही. ते नसलेल्या थंडीतील एका महिन्याचे बिल आधारभूत धरून वाढीव रक्कम यंत्रवाल्याने भरावी, हा तोडगा पुष्कळ घरांत चालतो. किराणा, गॅस, मोलकरणीचा पगार, डब्याचे पैसे यांची वही किंवा मोबाइलवरची नोंद महिनाअखेरीस सर्वांसमोर वाचावी. सुट्टीत गावी गेलेल्याने भाडे पूर्ण आणि किराणा अर्धा द्यायचा की कसे, हेही आधीच ठरलेले बरे. मे महिन्यात त्यावर मैत्री तुटते.

जागा सोडतानाचा दिवस विशेष जपावा. भिंती, नळ, पंखे, गिझर यांची छायाचित्रे आत येताना काढली असतील तर ती आता उपयोगी पडतात. मीटरवरचा आकडा टिपून मालकाला त्याच दिवशी पाठवावा, कारण शेवटचे बिल चौघे पांगल्यावर येते आणि ते अनामतीतून कापले जाते. किल्ल्या दिल्याची पोच लेखी घ्यावी. सेक्रेटरीकडून येणे-देणे नसल्याचे विचारून घ्यावे, वॉचमनच्या वहीत सामान नेल्याची नोंद करावी, आणि शेजारच्या काकूंकडे ठेवलेली जादा किल्ली आठवणीने परत घ्यावी.